घड्याळजींनी धास्ती घेतली

चौकापर्यंत गेलेले घड्याळजी एकदम थबकले. गॅस बंद केला होता का? केला होता की! स्वतःच्या हाताने केला होता. मग जीव असा खालीवर का होत होता?

त्यांच्या बायकोकडे याला शब्द होता. कुठेही जायचं म्हटलं की ती निम्म्या वाटेतून परत फिरायची.

"अगं, भित्री कुठली!" ते चिडवायचे.

"भीती नाही हो, धास्ती! भीतीला समोर काहीतरी लागतं. धास्तीला काहीसुद्धा लागत नाही," असं म्हणत ती तरातरा घर गाठायची. घड्याळजी जन्मभर हसले. ती जाऊन तीन वर्षं झाली होती आणि आता चौकात उभं राहून त्यांना हसू येत नव्हतं.

एकुलती एक लेक नव्या नोकरीसाठी परगावी निघाली होती. मैत्रिणीकडून ती परस्पर स्टेशनवर येणार होती, गाडी अकराची होती. तिला निरोप द्यायलाच हवा होता. पण अजून वेळ होता, म्हणून घड्याळजी माघारी वळले.

कुलूप उघडून किल्लीसकट कडीलाच अडकवलं आणि ते आत गेले. गॅस बंदच होता. बायको तिथे उभी राहून कशी दोनदा बटण चाचपायची, ते आठवून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात बाहेर 'खट्' झालं.

शेजारचे निवृत्त पोस्टमन! स्टेशनवर निघालेल्या घड्याळजींना मघाशी त्यांनीच 'सावकाश जा' म्हटलं होतं. उघडं कुलूप बघून त्यांना वाटलं, गडबडीत राहिलं बिचाऱ्यांचं. त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन थेट स्टेशन गाठायला निघाले. वस्तू ज्याची त्याच्या हातात द्यायची, हा त्यांचा नोकरीतला शिरस्ता. घड्याळजींनी दार बडवलं, पण पोस्टमनना ऐकू बेताचंच यायचं.

साडेदहाला घरातला फोन वाजला.

"बाबा, तुम्ही घरात? अहो, शेजारचे काका इथे तुम्हाला फलाटभर शोधतायत!"

"काय सांगू बाई, कोंडला गेलोय. त्यांना किल्ली घेऊन परत पाठव. आणि तू नीट जा," घड्याळजी कसंबसं म्हणाले. अकरा वाजले तेव्हा घड्याळाकडे बघायचा त्यांना धीर झाला नाही.

सव्वाअकराला दार उघडलं. दारात बॅग घेऊन लेक, मागे पोस्टमन.

"अगं, तुझी गाडी? माझ्यापायी चुकली ना?"

"काका एकटेच यायला निघाले होते. मीच त्यांच्याकडून किल्ली काढून घेतली." लेक बॅगेवरच बसली. "बाबा, हसू नका हं. नोकरी चांगली आहे, खोली चांगली आहे. तरी कालपासून नुसती धास्ती घेतलीय. कसली, तेच कळत नाही. गाडी सुटली तेव्हा मला बरंच वाटलं."

घड्याळजी हसले नाहीत. तिच्याजवळ जमिनीवर बसले. "मलाही वाटते गं. आई गेल्यापासून रोज. संध्याकाळच्या गाडीने जाऊ. मी येतो, आठ दिवस राहतो तुझ्याकडे."

"खरंच?" लेकीने डोळे पुसले.

"छान!" पोस्टमन खूश झाले. "किल्ली ठेवा माझ्याकडे, अगदी निर्धास्त जा!"

"नको!" बापलेक एकदमच ओरडले. तेवढं मात्र पोस्टमनना स्पष्ट ऐकू आलं.