वधूची गाडी आणि गिरणीचा रस्ता

“दादा, तुझ्या गाडीत अजून सीडीच वाजते ना?” गाझीनं कॉफीचा पेला खाली ठेवता ठेवता सहज विचारलं. सगळी बैठक हसली. मिफ्लिहही हसला, पण तोंडातला घोट त्याला निखाऱ्यासारखा उतरला.

प्रश्न सीडीचा नव्हताच. पुतणी लुजैनचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. तिचे वडील, म्हणजे या दोघांचे थोरले भाऊ, आता नव्हते. तेव्हा दोघा काकांपैकी एकानं तिला आपल्या गाडीतून हॉलवर न्यायचं होतं. त्यांच्या अजलून गावात हा मान लहान नाही. पुढं वधूची गाडी, मागं गोतावळ्याच्या गाड्या, आणि तिला ओलांडून कुणी जायचं नाही. मिफ्लिह वयानं मोठा. पण गाझीची गाडी यंदाची. तिच्या डॅशबोर्डवर ताटाएवढी स्क्रीन. फोन खिशातच ठेवायचा. गाणी, नकाशे आपोआप समोर हजर. मिफ्लिहची गाडी सतरा वर्षांची. तिला तो रोज पुसायचा. पण पुसून काही नकाशे उगवत नाहीत.

दुसऱ्याच दिवशी तो बायकोला, उम्म राकानला, घेऊन इर्बिद शहरातल्या गॅरेजवाल्यांच्या गल्लीत गेला.

“कंपनीचा टेप काढायचा नाही,” त्यानं बजावलं.

“कशाला काढू? त्याच्या मागं एवढीशी डबी बसवतो,” फिटर म्हणाला. “स्क्रीन तुमचीच. फक्त तिला अक्कल येईल.”

डबी बसली. तपासायला फोन हवा होता, तर सकाळपासून अशाच डब्यांचे व्हिडिओ बघून मिफ्लिहच्या फोनची बॅटरी संपलेली. मग उम्म राकानचा फोन जोडला. इतकी वर्षं नुसते रेडिओचे आकडे दाखवणाऱ्या स्क्रीनवर आख्खं इर्बिद उमटलं.

“एक लक्षात ठेवा,” फिटर म्हणाला. “तुमचाही फोन नंतर जोडाल. पण दोन्ही फोन गाडीत असले, तर डबी आधी जोडलेलाच फोन धरते.”

मिफ्लिहनं ऐकलं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर गाझीचा चेहरा होता.

त्या संध्याकाळी त्यानं लुजैनला गाडीत बसवून गावाला फेरी मारली. “तुमच्याच गाडीतून जाईन, काका,” ती म्हणाली. गाझी दारात उभा होता. त्यानं ते ऐकलं, आणि मिफ्लिहला त्या रात्री गाढ झोप लागली.

लग्नाच्या दुपारी मिफ्लिहनं हॉलचा पत्ता आपल्या फोनवर लावला आणि फोन कोटात टाकला. फोटो काढणारे होते म्हणून चष्माही कोटातच टाकला. मागच्या सीटवर पांढऱ्याशुभ्र पोशाखात लुजैन, पुढं उम्म राकान, तिच्या पर्समध्ये तिचा फोन. ऑलिव्हचा हंगाम होता. गिरणीवर त्यांचं तेल काढून तयार होतं, आणि लग्न आटोपल्यावर डबे आणायला जावं म्हणून तिनं सकाळीच गिरणीचा रस्ता लावून ठेवला होता.

मागं चाळीस गाड्या. पहिली गाझीची.

चौकात स्क्रीन म्हणाली, उजवीकडे वळा.

“काका, हॉल डावीकडं ना?” लुजैननं विचारलं.

मिफ्लिहलाही ते ठाऊक होतं. पण आता डावीकडं वळावं, तर डबी चुकली असं होईल, आणि तेही गाझीच्या डोळ्यांदेखत. “पोरी, पुढं कुठंतरी गर्दी असणार,” तो म्हणाला. “हिला सगळं दिसतं.” आणि तो उजवीकडे वळला. चाळीस गाड्या उजवीकडे वळल्या.

गाझीनं हॉर्न वाजवला. थांबला, पुन्हा वाजवला, मग हॉर्नवरचा हात उचललाच नाही. पण वरातीत हॉर्न म्हणजे आनंद. मागच्या एकोणचाळीस जणांनी त्याला जोरात साथ दिली.

मिफ्लिहच्या कोटात फोन थरथरला. त्यानं तो डोळ्यांपासून हातभर लांब धरला. गाझी.

“घ्या ना,” उम्म राकान म्हणाली.

“काही नाही. जळतोय,” मिफ्लिह म्हणाला आणि फोन परत खिशात टाकला.

रस्ता अरुंद झाला. दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं आली. हॉलचा मागचा दरवाजा असेल, असं तो मनाला सांगत होता. मग तेलाचा वास आला, आणि उम्म राकाननं हळूच पर्स उघडून आत पाहिलं.

“अगं बाई,” ती म्हणाली.

“आपण पोहोचला आहात,” स्क्रीन म्हणाली.

गिरणीच्या अंगणात चाळीस गाड्या कशाबशा शिरल्या. तेलानं माखलेले कामगार बाहेर येऊन बघत राहिले. गाझी उतरून तरातरा आला. “दादा, हे काय?”

मिफ्लिहचे कान लाल झाले. या वयात पुतणीच्या लग्नात आपलं हसं झालं, हे त्याला कळून चुकलं. तो तोंड उघडणार, एवढ्यात लुजैन पोशाख सावरत खाली उतरली.

“बाबा मला दर हंगामात इथं आणायचे,” ती म्हणाली. “काका, तुमच्या लक्षात होतं?”

मिफ्लिहनं गाझीकडं पाहिलं. मग उम्म राकानकडं. तिनं पर्स घट्ट मिटली होती.

“होतं तर,” तो म्हणाला.

म्हाताऱ्या गिरणीवाल्याचे डोळे भरून आले. त्यानं गरम रोटी मागवली, यंत्रातून पडणाऱ्या हिरव्या धारेखाली धरली आणि पहिला घास वधूला दिला. बायकांच्या तोंडून लांब, आनंदाच्या ललकाऱ्या निघाल्या. फोटो काढणाऱ्याला उसंत नव्हती. हॉलमध्ये नवरदेव पाऊण तास ताटकळला. गाडीच्या डिकीत तेलाचे सहा डबेही चढले; उम्म राकान म्हणाली, आलोच आहोत तर.

आठवड्यानं गाझी कॉफीला आला. लग्नाचा अल्बम उघडून पहिल्याच पानावर थांबला. गिरणी, लुजैन आणि मागं ती सतरा वर्षांची गाडी.

“वसंतात माझ्या पोरीचं, सल्माचं लग्न,” तो म्हणाला. “तो फिटर कुठं बसतो?”

“तुला काय करायचाय? तुझ्याकडं ताटाएवढी स्क्रीन आहे.”

“आहे,” गाझी खाली बघत म्हणाला. “पण ती कधी चुकतच नाही.”

मिफ्लिहनं त्याचा पेला भरला.

“तुझ्या वहिनीला विचार,” तो म्हणाला. “रस्ते तिच्याच फोनमध्ये असतात.”