सायाळीला मिठीत शून्य

एका जंगलात वणवा लागून गेला होता, त्यामुळे तिथं पोरकी पिल्लं फार झाली होती. नीट ऐका, बाळांनो. मध्ये बोलू नका.

त्या जंगलात एक सायाळ राहायची. सगळे तिला कोंडामावशी म्हणत. जळक्या गवतात तिला सशाची दोन पिल्लं सापडली, बाब्या आणि ठकी. ती त्यांना बिळात घेऊन आली. कुणाला विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काय होतं?

सायाळ बोलायची कमी. कंद उकरून पिल्लांपुढं टाकायची आणि म्हणायची, "खा." बाहेर निघालं की पिल्लं पुढं, ती मागं. कोल्हा दिसला की त्याच्याकडे पाठ करून काटे फुलवायची. कोल्हा वाट बदलायचा. पिल्लं गुबगुबीत झाली.

मग जंगलात पिल्लू-आधार मंडळ निघालं. अध्यक्ष सांबरराव. शिंगं सर्वांत मोठी, म्हणून अध्यक्ष. पाहणीचं काम टिटवीबाईंकडे. टिटवी स्वतःची अंडी उघड्या माळावर टाकते, पण मंडळात तो विषय कुणी काढत नसे.

मंडळाचा हेतू चांगला होता. हे आधीच सांगून ठेवतो.

मंडळाकडे माया मोजायचं एक छापील पत्रक होतं. हिवाळ्यात लांबून येणाऱ्या बदकांनी ते आणलं होतं. बदकांच्या मुलखात बर्फ पडतो. तिथं पिल्लाला कवेत घेतलं नाही तर ते गारठून मरतं. म्हणून पहिला प्रश्न मिठीचा. इथं वैशाख चालू होता. पण छापलेलं कोण बदलणार?

टिटवीबाई बिळापाशी आल्या.

"मावशी, दिवसातून मिठी किती वेळा?"

"कसली मिठी?"

"अहो, पिल्लांना पोटाशी घेता ना?"

"अगं टिटवे, मी सायाळ आहे. डोळे आहेत ना तुला?"

"रागावू नका हो. मी आपलं शून्य लिहिते."

"पिल्लांचे गाल बघ आधी."

"गालांचं विचारलेलं नाही, मावशी."

सांबरराव मागून आले. शिंगं बिळात जाईनात. त्यांनी बाहेरूनच पाहणी केली. "आत अंधार फार आहे," म्हणाले आणि सही केली.

आठ दिवसांनी निकाल लागला. पिल्लं चांगल्या घरी द्यायची. मिठीत पैकीच्या पैकी गुण जंगलात एकालाच मिळाले होते. अजगरअण्णांना.

"अण्णा, मिठी किती वेळ मारता?" टिटवीबाईंनी विचारलं होतं.

"समोरच्याची तळमळ थांबेपर्यंत," अण्णा म्हणाले होते. टिटवीबाईंचे डोळे भरून आले होते.

सायाळीला निकाल कळला. आजवर ती कुणाच्या दारी गेली नव्हती. आता सांबररावांकडे गेली.

"साहेब, तो अजगर आहे. तो पिल्लं गिळतो."

"मावशी, कुणाच्या जातीवर जाऊ नका. मंडळात ते चालत नाही."

"जात नाही साहेब, पोट सांगतेय मी त्याचं."

"तुमच्याबद्दलही तक्रार आहे. काटे आहेत म्हणे तुम्हाला."

"आहेत."

"मग काटे काढून या. पुन्हा विचार करू."

सायाळ घरी आली. तिनं एक काटा उपटला. दुखलं, त्याचं काही नाही. पण मान वर केली तर समोरच्या खडकावर कोल्हा बसला होता. तो काटा त्यानं पाहिला होता. पुढचा उपटायची तो वाट बघत होता. सायाळीनं पुढचा उपटला नाही.

कार्यक्रम उंबराखाली झाला. सांबरराव कुटुंबव्यवस्थेवर बोलले. मग दोन्ही पिल्लं अण्णांच्या स्वाधीन केली. अण्णांनी पहिला वेढा घातला. टाळ्या पडल्या. दुसरा घातला. पुन्हा टाळ्या.

"मावशे!" ठकी किंचाळली.

"पोर भारावून गेली हो," टिटवीबाई म्हणाल्या.

सायाळ उठली. भाषण केलं नाही. पाठ फिरवली आणि उलट्या पावली धावत अण्णांवर गेली. सायाळ अशीच चाल करते. सतरा काटे अण्णांच्या अंगात राहिले. वेढे सुटले. पिल्लं बाहेर पडली, धापा टाकत तिच्या पुढं पळाली. ती मागं. कुणी अडवलं नाही. मागून तिला अडवणार कोण?

संध्याकाळी मंडळाची बैठक बसली.

"पिल्लं अण्णांच्या नावावर चढवून झालीत," टिटवीबाई म्हणाल्या. "खोडायची का?"

"खोडलं की कारण लिहावं लागतं," सांबरराव म्हणाले. "राहू दे."

राहिलं. सायाळीच्या बिळात कागदावर एकही पिल्लू नव्हतं, म्हणून तिथं पुन्हा कुणी पाहणीला आलं नाही. बाब्या आणि ठकी त्या वर्षात चांगली मोठी झाली.

टिटवीबाई मात्र दर महिन्याला अण्णांकडे जायच्या.

"पिल्लं कुठं आहेत, अण्णा?"

"खेळायला गेलीत."

"छान, छान."

वर्षभरात त्या घरातून पिल्लांची एकही तक्रार आली नाही. म्हणून मंडळानं अण्णांना आदर्श पालक ठरवलं. सत्काराला हार घेऊन टिटवीबाई पुढं झाल्या. अण्णांनी त्यांना जवळ घेतलं. बराच वेळ घेतलं. टाळ्या काही थांबेनात.

टिटवीबाईंची जागा सध्या रिकामी आहे. अर्ज मागवले आहेत. मायाळू असल्यास आधी विचार होईल.

तात्पर्य: पिल्लाला मिठी जरूर मारावी. ती जमत नसेल तर पिल्लू नुसतं जिवंत ठेवावं. मात्र तेवढ्यावर चांगले गुण मागू नयेत.