एका मिसकॉलला एक चवड

सोमवारी अकराच्या मीटिंगमध्ये गुरुराजला एवढंच सिद्ध करायचं होतं की साधा मोबाइल कॉल आता म्हातारा झाला. कंपनीच्या ॲपमध्ये इंटरनेटवरून कॉल ठेवायचे की मोबाइल नेटवर्कवरून, हे त्या दिवशी ठरणार होतं. पुण्याच्या ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या होत्या, "खऱ्या गिऱ्हाइकावर चालवून दाखव."

खरं गिऱ्हाईक घरातच होतं. त्याची आई, केराबाई, कडक भाकरी करते. नियम एकच: एका मिसकॉलला पन्नास भाकरींची एक चवड. फोन कोणी उचलायचा नाही. अकरा वर्षांत दुधनीची दुकानदार अक्कम्मा फोनवर एक शब्द बोलली नव्हती आणि धंदा मस्त चालला होता.

असा मस्त चाललेला धंदा बघवेल तो इंजिनिअर कसला? रविवारी त्याने आईच्या फोनमध्ये आणि दुधनीला जाऊन अक्कम्माच्या फोनमध्येही ॲप टाकलं. "कॉल उचलला नाही तर ॲप आपोआप परत लावतंय, अक्कम्मा."

"बरं की," अक्कम्मा म्हणाली. ती बिचारी सभ्य.

सोमवारी सकाळी सहाला केराबाईचा फोन वाजला. ती नियमाने गप्प बसली. ॲपही आपल्या नियमाला पक्कं. फोन नऊ वेळा वाजला.

"नऊ चवडी! अक्कम्माच्या घरात लगीन हाय वाटतं," म्हणत केराबाईने गल्लीतल्या चार बायका चुलीला लावल्या आणि गुरुराजला पिठाला.

"आई, माझी मीटिंग हाय."

"मग हात उचल की बिगीबिगी."

साडेदहाला भाकरी कॉटवर, कपाटावर, लॅपटॉपवरही वाळत होत्या. पंख्याच्या पिनेला जागा हवी म्हणून केराबाईने राउटरची पिन काढली. भविष्यातलं कॉलिंग पिनेसकट खाली लोंबलं.

तेवढ्यात अक्कम्माचा साधा फोन आला, आणि थांबेचना. केराबाईने घाबरतच उचलला.

"केराबाई, एकच चवड पायजे. तुमच्या पोराचं ते काय हाय, सकाळी बंदच हुईना की. शेवटी फोनच बंद करून ठेवला."

आठ चवडी उरल्या. आणि अकराला फळीवर गुरुराजचा फोन वाजू लागला: पुण्याच्या मॅडम. तो धावला, पण केराबाईने त्याचं पिठाळ मनगट धरलं.

"उचलू नको. मोजू दे."

"आई, त्या माझ्या साहेब हायत!"

"त्यास्नी भूक लागत न्हाय व्हय?"

फोन आठ वेळा वाजला. केराबाईने आठही चवडी बांधल्या, वर 'एका मिसकॉलला एक चवड' अशी चिठ्ठी लावली आणि मॅडमच्या नावाने दुपारच्या पुण्याच्या एसटीत चढवल्या.

संध्याकाळी मॅडमचा मेसेज आला. "तुझं इंटरनेट बंद होतं, पण साधा कॉल आठही वेळा लागला. तोच ठरला. आभारी आहे." गुरुराज जेवला नाही. पानात काय होतं ते सांगायला नको.

बुधवारी सकाळी मॅडमचा फोन पुन्हा वाजला. एकदाच, आणि बंद झाला.

गुरुराजने हात पुढे केला, मागे घेतला आणि मुकाट्याने पिठाचा डबा काढला.