विलायतेचे आकडे आणि अहमदीची दावत

“तुमची बीबीसी ह्या आठवड्याला परत आपटली, अब्बासभाई!”

नझीर परकार जुनं वर्तमानपत्र नाचवत मेसमध्ये शिरला तेव्हा अब्बासभाई कांदा चिरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण बोल्ला?”

“पेपर बोल्ला. पहिले दहाच्या दहा कार्यक्रम जाहिरातवाल्या कंपनीचे. बीबीसीचा एक पण नाय.”

“पेपर काय, छापील तेवढा थोडा. बीबीसीची माणसं सोता जाऊन लोकांना इचारतात, बाबांनो, काल काय बघितलांत? त्यांचा आकडा येगळा हाय.”

“इचारून काय कळतंय? माणूस थापा मारतो. जाहिरातवाल्यांनी घरात यंत्र लावलंय, यंत्र!”

“सगळ्या घरांत?”

“थोड्याच घरांत. पण त्यावरनं सगळी विलायत कळते. तुम्ही नाय काय चमचाभर रस्सा चाखून टोपाचं मीठ सांगत?”

“त्याला आधी टोप भरावा लागतो,” अब्बासभाई म्हणाले आणि त्यांनी दुसरा कांदा घेतला.

कुवेतमधल्या अहमदीत, तेल कंपनीच्या वसाहतीत, रत्नागिरीकडच्या तीसेक गड्यांची ही मेस होती आणि साल होतं १९५८. विलायतेतल्या घराघरांत लोक संध्याकाळी काय बघतात, यावरून इथे दर आठवड्याला हमरीतुमरी होई. गंमत म्हणजे या तिसांपैकी एकानेही टेलिव्हिजन डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. गफूर ड्रायव्हरची तर पक्की समजूत होती की ते काचेचं दार असलेलं कपाट असतं आणि त्यातली माणसं जेवायच्या वेळी बाहेर येतात. नझीर त्याच्यावर हसायचा खरा, पण त्याची स्वतःची कल्पना याहून फार पुढे गेली होती असं नाही.

ही वर्तमानपत्रं यायची साहेब लोकांच्या क्लबात, तीही विमानाने शिळी होऊन. अब्बासभाई त्या क्लबाच्या भटारखान्यात मुख्य स्वयंपाकी. साहेबांनी वाचून टाकलेले पेपर ते मेसच्या फळ्यांवर अंथरायला घरी आणत. म्हणजे आपल्यालाच हरवायचं हत्यार हा भला माणूस दर आठवड्याला स्वतः काखेत मारून आणत होता. त्यांचा बीबीसीवर जीव होता तो रेडिओमुळे. ज्याचा रेडिओ खोटं बोलत नाही त्याचा टेलिव्हिजन कशाला बोलेल, असं त्यांचं साधं म्हणणं. नझीर पडला स्टोअर्समधला क्लार्क. त्याला आकड्याशिवाय घास गिळवत नसे. थोड्यांवरून सगळ्यांचं अनुमान काढायचं हे शास्त्र त्याने पेपरात वाचलं आणि त्याला ते असं काही चढलं, की स्टोअर्समधले खिळेसुद्धा तो मूठभर मोजून पेटीभर लिहू लागला होता.

मात्र मेसमधल्या या भांडणाखाली एक वेगळीच गोष्ट होती. चार वर्षांपूर्वी नझीर इथे आला तो बोटीतून उतरतानाच अर्धमेला होता. महिन्याभरात विषमज्वराने आडवा झाला. तेव्हा याच मेसमधल्या गड्यांनी त्याला पाळी लावून सांभाळलं. अब्बासभाई क्लबातली ड्युटी संपवून येत आणि त्याला तांदळाची पेज भरवत. गफूर त्याचे कपडे धुई. बरा झाल्यावर नझीरने आभार मानायला तोंड उघडलं तर अब्बासभाईंनी त्याला असा झापला की पुन्हा त्याची हिंमत झाली नाही. पण मनात एक इच्छा धरून तो बसला होता. आपलं घर होईल, गावाहून बायको सईदा येईल, तेव्हा या सगळ्यांना आपल्या दस्तरखानावर बसवून पोटभर जेवायला घालायचं. त्याला दुसरं काही मागायचं नव्हतं.

ते घर आता झालं होतं. कंपनीने फॅमिली क्वार्टर दिलं, सईदा आली, आणि नझीरने मेसमध्ये झाडून सगळ्यांना शुक्रवारच्या नमाजानंतरची दावत सांगितली.

इथवर सगळं ठीक होतं. पण गुरुवारी बाजारात निघताना त्याच्या डोक्यात शास्त्र वळवळलं. तीस जणांना बोलावलंय, पण येणार किती? यंत्र लावायची सोय नव्हती, म्हणून नाइलाजाने तो बीबीसीच्या वाटेने गेला आणि मेसमधल्या पाच जणांना गाठून सरळ विचारून मोकळा झाला.

“उद्या जेवायला येणार ना?”

“बघतो, इन्शाल्ला,” कमाल म्हणाला.

“अरे, भाभीला कशाला तरास?” गफूर म्हणाला. “आम्ही काय पावणे हाव?”

तिसऱ्याने पोट जरा जड असल्याचं सांगितलं. चौथ्याला नेमके शुक्रवारीच कपडे धुवायचे होते. पाचवा तेवढा “येणार म्हणजे काय, येणारच!” असं तडक बोलला, पण तो लहानपणापासून मुंबईत वाढलेला होता.

आता कोकणात जेवायला येतोस का म्हटलं तर हो म्हणणारा माणूस शोधून सापडायचा नाही. ‘नको नको’ म्हणत म्हणत पानावर बसायचं, ही आपली रीत. नझीरला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तो स्वतः सासुरवाडीला पाच वेळा ‘नको’ म्हणून सहाव्यांदा वाढून घेणारा माणूस. पण शास्त्र अंगात आलं की माणूस आपल्या माणसांनाही परकं समजून मोजायला लागतो. पाचात एक, म्हणजे तिसात सहा, वरकड दोन, असा हिशेब करून तो घरी आला.

“आठ,” त्याने सईदाला सांगितलं.

“आठ काय?”

“माणसं. आठ येतील.”

“अवो, बोलावलीत तीस ना?”

“बोलावणं येगळं, येणं येगळं. ह्यालाच तर शास्त्र म्हणतात.”

“आमच्याकडं आठांना बोलावलां तर अठरांचा करतात.”

“म्हणून तर दुसऱ्या दिवशी तुमच्याकडं मोहल्लाभर शिळा पुलाव वाटत फिरतात.”

 सईदा नवी होती. इथल्या लोकांची रीत नवऱ्याला जास्त कळत असणार असं तिला वाटलं. तरी तिची या घरातली ही पहिलीच दावत होती, आणि ज्या माणसांनी आपल्या नवऱ्याला जगवलं त्यांच्यासाठी होती. नझीर आंघोळीला गेल्यावर तिने चार मुठी तांदूळ जास्तीचे घातले आणि वाफवलेल्या गोड सांदणांचा एक घाणा वाढवला.

शुक्रवारी नमाज सुटला आणि नझीर दारात उभा राहिला. आधी मुंबईवाला आला. मग कमाल. मग पोट जड झालेला. मग कपडे धुणारा, धुतलेल्या कपड्यांत. त्यांच्या मागून सगळी मेस पांढरेशुभ्र सदरे घालून, अत्तर लावून, लग्नाला निघाल्यासारखी रांगेने येत होती. सगळ्यात शेवटी गफूर होता. त्याने सकाळपासून चहासुद्धा घेतलेला नव्हता.

 ‘ही बीबीसीची पद्धतच कुचकामी!’ एवढं नझीरच्या मनात येऊन गेलं आणि तो स्वयंपाकघरात धावला. सईदाने पडद्याच्या फटीतून बघितलं होतं. ती टोपाकडे बघत होती आणि टोप तिच्याकडे.

“आता वो?”

“तू वाढ. अल्ला मालिक.”

“पयल्या तीन थाळ्यांत संपंल! बाकीच्यांना काय, तुमचा पेपर वाढू?”

इतक्यात अब्बासभाई थाळे उचलायला मदत म्हणून मागच्या दाराशी आले. सवयीने त्यांची नजर टोपात गेली.  एक थाळा उचलून ते म्हणाले, “झकास वास सुटलाय, पोरी.” मग थाळा ठेवून ते अंगणात गेले, जिथे मंडळी हात धुवायला नळाशी जमली होती.

दस्तरखान पसरलं. एकेका थाळ्याभोवती मंडळी बसली. सईदाने थाळ्यांत पुलाव असा पसरून वाढला की तळ दिसू नये. नझीर मान खाली घालून वाढत होता. आता कोणीतरी आणखी मागणार आणि आपली अब्रू या वाळूत मिळणार, असं त्याला घासाघासाला वाटत होतं.

पण कोणीच मागेना.

“काय पुलाव झालाय!” कमाल म्हणाला आणि हात आखडून बसला.

“आणखी घे ना,” नझीर म्हणाला.

“छे! गळ्यापर्यंत आलाय.”

गफूर, ज्याने एकदा पैजेवर बोकडाची अख्खी तंगडी संपवली होती, तो सांदणाचा तुकडा मोडून चघळत बसला होता. चार घासांत तोही उठला. “बास, भाभी! पोट फुटलां!” असं तो पडद्याकडे तोंड करून ओरडला. मंडळींनी ढेकर दिले, दुवा दिली, आणि बघता बघता घर रिकामं झालं. टोपात पुलाव शिल्लक होता. सांदणांची तर अर्धी पाटी तशीच.

सईदाने एक घास तोंडात घातला. मीठ बरोबर होतं. मटण लोण्यासारखं शिजलं होतं. तरीही तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “त्यांना माझ्या हातचा आवडला नाय,” ती म्हणाली.

नझीरचा मात्र चेहरा उजळत चालला होता. “अगं, रडतेस काय! उरलं! माझा आकडा खरा ठरला!”

“तीस माणसांनी आठ जणांचं जेवण उरवलां, हे कसलं शास्त्र वो?”

“ते तुला नाय कळायचं. उद्या अब्बासभाईंना गाठतो आणि थोड्यांवरनं सगळे कळतात हे कबूल करायला लावतो,” असं म्हणत तो आडवा झाला आणि समाधानाने घोरू लागला.

थोड्या वेळाने मागच्या दारावर टकटक झाली. सईदाने डोक्यावर पदर घेऊन दार उघडलं. गफूर रिकामी वाटी घेऊन उभा होता.

“भाभी, जरा मीठ गावंल काय? मेसमधलं संपलंय.”

“आता मीठ कशाला? जेवून गेलात ना?”

गफूरने वाटीकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, आणि जीभ चावली. “ते... तोंडाला लावायला. दात दुखतो.”

“गफूरभाय, मेसच्या धुराड्यातनं धूर येतोय.”

“दात लय दुखतो, म्हणून शेकायला...”

“खरं सांगा. तुम्हाला माझी शपथ.”

गफूर हा आयुष्यात एकही गोष्ट पोटात ठेवू न शकलेला माणूस. तो शपथेपर्यंत थांबला हेच पुष्कळ होतं. “अब्बासभाईंनी टोप बघितला ना,” तो घडाघडा बोलू लागला. “नळावर सगळ्यांना बोल्ले, पोरीची पयली दावत हाय, नझीरची मान खाली जाता कामा नये. कुणी चार घासांवर पाचवा खाल्ला तर त्याला मेसमधनं काढीन. आता आमची डाळ शिजतेय. भाभी, इमानानं सांगतो, चौथा घास गिळताना माझ्या डोळ्यांतनं पाणी आलां. असला पुलाव मी आईच्या मागारी खाल्ला नाय.”

सईदाने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती ते गफूरला कळेना, आणि खरं म्हणजे तिलाही कळत नव्हतं. नवऱ्याच्या आजारपणाची हकिगत तिने घरी बसून ऐकली होती. ती माणसं कशी असतील याचा तिने तिकडे शंभर वेळा विचार केला होता. आज ती तिला दिसली.

“मीठ मिळायचं नाय,” ती म्हणाली. “अब्बासभाईंना सांगा, डाळ-भात टोपांसकट हिकडं आणा. सगळ्यांनी या. मी गावाहून आणलेले सुके बोंबील तळायला घेते.”

“आणि नझीरभाय?”

“त्यांचं मी बघते.”

नझीरला जाग आली ती भांड्यांच्या आवाजाने. डोळे चोळत तो अंगणात आला आणि जागच्या जागी थिजला. सगळी मेस पुन्हा त्याच्या दस्तरखानावर बसली होती. कुणाचे सदरे काढलेले, कुणाच्या कोपरापर्यंत डाळ ओघळलेली. बोंबलांचा खरपूस वास सुटला होता. गफूर दोन्ही गाल फुगवून जेवत होता आणि पोट जड झालेला त्याच्या पुढ्यातला तुकडा पळवत होता. चार वर्षं एका छपराखाली काढल्यावर, ही माणसं भुकेने जेवताना कशी दिसतात ते नझीरला चांगलं माहीत होतं. मघाशी ती तशी दिसत नव्हती. एवढं कळायला त्याला कुठलंही यंत्र लागलं नाही.

 “अब्बासभाई,” तो म्हणाला, “मी तुम्हाला जेवायला घालणार होतो. पोटभर. एकदा तरी.”

“मग उभा काय राहिलायस?” अब्बासभाईंनी डाळीच्या टोपातली पळी त्याच्यापुढे धरली. “घाल.”

नझीरने पळी घेतली. पहिल्याच थाळ्यावर कमालने आडवा हात धरला. “नको, नको, बस झालं.”

नझीरने त्या हाताकडे बघितलं आणि पळी ओतली. कमालने हात कसाबसा वाचवला. दुसऱ्याने “अगदी थोडी” म्हटलं, त्याला दोन पळ्या पडल्या. तिसरा काही बोलायच्या आत त्याच्या भाताचं तळं झालं. पडद्याआडून सईदाने हसत बोंबलांचं ताट पुढे सरकवलं, आणि नझीर परकार एका थाळ्यावरून दुसऱ्या थाळ्याकडे, कुणालाही काहीही न विचारता, वाढत राहिला.