नॉर्थचा उजवा खांदा

मिस्टर हॅलेट यांनी पिवळी चिठ्ठी टेबलावर चिकटवली तेव्हा विल्यम रुमाव झेरॉक्स मशिनमध्ये अडकलेला कागद ओढून काढत होता. तो जागेवर येईपर्यंत साहेब निघून गेले होते. चिठ्ठीवर इंग्रजीत मोजकंच लिहिलं होतं : नॉर्थ आणि साउथ, दोन्ही टीमची तुलना. लाइनअप आणि पिचिंग. सीझन सुरू होण्याआधी हवी. एक पान पुरे. गुरुवारपर्यंत.

दोहाच्या मुशैरिब भागातल्या त्या बांधकाम सल्लागार कंपनीत विल्यम डॉक्युमेंट कंट्रोलर होता. म्हणजे कंपनीत येणारा प्रत्येक कागद त्याच्या हातून जायचा आणि त्यातला एकही त्याला वाचावा लागत नसे. वसई सोडून इथे येऊन त्याला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत "समजलं नाही, सर" हे वाक्य त्याने एकदाही उच्चारलं नव्हतं. आता तर ते उच्चारण्याची सोयच नव्हती. सीनिअर डॉक्युमेंट कंट्रोलरची जागा दोन महिने रिकामी होती आणि ती कोणाला द्यायची हे ॲडमिन मॅनेजर या नात्याने हॅलेटच ठरवणार होते.

विल्यमने चिठ्ठी खिशात घातली आणि मन्सूरला गाठलं. मन्सूर रत्नागिरीचा, कंपनीचा साइट सुपरवायझर. दगड, माती आणि सिमेंट यांतलं त्याला सगळं कळत होतं, आणि बाकीच्या जगाबद्दलही आपल्याला तेवढंच कळतं अशी त्याची समजूत होती.

"ह्यात अवघड काय हाय?" चिठ्ठी वाचून मन्सूर म्हणाला. "आपला समुद्राकडचा बंधारा नाय काय? उत्तरेचा अर्धा एका कॉन्ट्रॅक्टरकडे, दक्षिणेचा दुसऱ्याकडे. नॉर्थ टीम, साउथ टीम. पिचिंग म्हंजे उतारावर दगड बसवतात ते. आपल्याकडे धरणाला नसतं?"

"ते माहितेय रे. पण लाइनअप?"

"अलाइनमेंट. बांध सरळ गेलाय का वाकडा, ते."

"आणि सीझन?"

मन्सूरने क्षणभर विचार केला. "थंडीत वारा सुटला की समुद्र उसळतो. तोच सीझन."

"पण ॲडमिनवाल्याला दगडांचं काय करायचंय?"

"ते त्याला ठाऊक. तुला सीनिअर व्हायचंय ना? मग यल्ला, उद्या सकाळी पिकअपमधनं चल माझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी हेल्मेट घालून, हातात टेप घेऊन विल्यम बंधाऱ्यावर उतरला. ऑफिसातला माणूस साइटवर आलेला पाहून दोन्ही कॉन्ट्रॅक्टरांचे फोरमन धास्तावले. नॉर्थवाल्याने चहा आणला. ते पाहून साउथवाल्याने चहा, खजूर आणि बसायला प्लॅस्टिकची खुर्ची आणली. मन्सूर दगडांवर बूट आपटत पुढे चालला होता आणि तो बोलेल ते विल्यम वहीत उतरवत होता. साउथचं काम चोख निघालं. नॉर्थचा बांध मात्र शेवटी डावीकडे ढळला होता, आणि टोकाला पोचल्यावर मन्सूर थबकला. बांधाच्या माथ्यावर, रस्त्याच्या कडेची जी पट्टी असते तिला इंजिनिअर शोल्डर म्हणतात. नॉर्थच्या उजव्या शोल्डरला लांबलचक तडा गेला होता आणि वरून कोणी तरी सिमेंट फासून तो झाकला होता.

"हे बघ. लपवलंय," मन्सूर म्हणाला. "लिही. सीझनभर टिकायचं नाय म्हणावं."

विल्यमने गुरुवारी सकाळी इंग्रजीत एक पान टाइप केलं. मन्सूरच्या सल्ल्याने त्यातली सगळी मापं काढून टाकली, कारण आकडे असले की साहेब लोक वाचत नाहीत. उरलेला मजकूर असा होता : साउथची लाइनअप सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ आणि भरवशाची. नॉर्थची लाइनअप सुरुवातीला उत्तम, पण शेवटी डावीकडे ढळते. साउथचं पिचिंग घट्ट, दबावाखाली हलत नाही. नॉर्थचं पिचिंग दिसायला सुंदर, परंतु उजव्या खांद्याला गंभीर इजा असून ती मुद्दाम लपवण्यात आली आहे. हा खांदा सीझनभर टिकणार नाही.

हॅलेटनी ते पान उभ्या उभ्या वाचलं, दोनदा मान डोलावली आणि म्हणाले, "उत्तम. तुझंच नाव घालतो मी यावर." साहेबाचा एवढा मोठेपणा विल्यमने नऊ वर्षांत पाहिला नव्हता. घरी जाताना त्याने केक नेला.

रविवारी दुपारी लुसी ड्यूटीवरून मुऐदरच्या घरी परतली ती थेट सोफ्यावर बसली. पर्सही खांद्यावरून काढली नाही. ती एका हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात नर्स होती आणि सहसा रागावत नसे.

"विल्यम, तू माझ्या पेशंटबद्दल पेपरात काय लिहिलंयस?"

"मी? कुठल्या पेपरात?"

तिने पर्समधून घडी घातलेलं रंगीत पत्रक काढलं. दोहातल्या परदेशी लोकांच्या हौशी बेसबॉल लीगचं ते पत्रक होतं. दर वर्षी सीझनआधी ते निघायचं. पहिल्याच पानावर, दोन प्रतिस्पर्धी संघांच्या फोटोंखाली, विल्यमचा रिपोर्ट शब्द न शब्द छापला होता. खाली नाव होतं, डब्ल्यू. रुमाव.

"नॉर्थ टीमचा पिचर, मिस्टर डेल, तीन आठवडे माझ्याकडे उजव्या खांद्याच्या ट्रीटमेंटला येतोय," लुसी म्हणाली. "त्याने ते टीमपासूनसुद्धा लपवलं होतं. आज तो हे घेऊन आला. पत्रकावर रुमाव, माझ्या बिल्ल्यावर रुमाव. अख्ख्या कतारमध्ये रुमाव आहेत किती? पेशंटची गोष्ट बाहेर गेली म्हणून त्याने हेडकडे तक्रार केलीय. उद्यापर्यंत मला खुलासा द्यायचाय."

"अगं, पण पिचिंग म्हणजे दगड," विल्यम म्हणाला.

गृहपाठ करत बसलेली दहा वर्षांची आंद्रिया मान वर न करता म्हणाली, "नो, डॅडी. पिचर इज अ पर्सन. ही थ्रोज द बॉल." शाळेच्या क्विझसाठी तिने जगभरचे खेळ पाठ केले होते. मग तिने बापाला, इंग्रजीतच पण हळू हळू, समजावून सांगितलं की लाइनअप म्हणजे बॅटिंगला कोण कोणाच्या मागून येणार ती यादी. विल्यमने पत्रक पुन्हा वाचलं. शेवटी डावीकडे ढळणाऱ्या त्या सगळ्या माणसांचं त्याला वाईट वाटलं.

"आता काय करायचं?" त्याने विचारलं.

"खरं सांगायचं," लुसी म्हणाली. "मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, हे तुझ्या साहेबासमोर त्या डेलला सांगायचं. माझी नोकरी जाण्यापेक्षा तुझी अब्रू गेलेली बरी."

सोमवारी हॅलेटच्या केबिनमध्ये चौघं जमले. डेल दाराएवढा उंच होता आणि उजवा हात पोटाशी धरून बसला होता. लुसी त्याच्याकडे बघत नव्हती. विल्यमने घसा साफ केला, सीनिअरच्या जागेला मनातल्या मनात रामराम ठोकला आणि म्हणाला, "सर, मला बेसबॉल समजत नाही. हा रिपोर्ट बंधाऱ्याच्या दगडांचा आहे. माझ्या बायकोने मला काहीही सांगितलेलं नाही."

डेलने मान हलवली. "अशक्य. अकरा वर्षं मी या लीगमध्ये खेळतोय. आमच्या संघाचा इतका सखोल अभ्यास कोणीच केला नव्हता. शेवटी आम्ही डावीकडे ढळतो हे आमच्या कोचलाही कालच पटलंय. आजपासून त्याने सराव बदलला."

"तुम्ही सरळच आहात, सर," विल्यम कळवळून म्हणाला. "बांध ढळलाय."

"उजव्या खांद्याचं तुला कोणी सांगितलं?"

"मन्सूरने."

"हा मन्सूर कोणत्या संघातून खेळतो?"

शेवटी सगळ्यांनी गाडीत बसून बंधाऱ्यावर जायचं ठरलं. हॅलेटना यायचं नव्हतं, त्यांना मीटिंग होती, पण डेलने त्यांच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं. मन्सूर बंधाऱ्यावर उभाच होता. त्याने सगळ्यांना सलाम केला, नॉर्थच्या टोकाला नेलं आणि स्वतःच्या इंग्रजीत म्हणाला, "धिस शोल्डर. राइट साइड. पोकळ आहे, सर. खलास."

डेल खाली वाकला. त्याने डाव्या हाताने सिमेंटचा पापुद्रा सोलला आणि तड्यात चार बोटं घातली. ती पार मुळापर्यंत गेली. बराच वेळ तो तसाच बसून राहिला, डॉक्टरने दाखवलेला आपलाच एक्स-रे बघावा तसा. मग उठून लुसीसमोर आला.

"सिस्टर, माझं चुकलं. तक्रार मी आजच मागे घेतो."

लुसीने मान डोलावली. तिचे डोळे भरून आले होते. तिने ते वाऱ्यावर ढकललं.

डेलचं मन आता मोकळं झालं होतं, आणि मोकळ्या मनात प्रश्न येतात. तो हॅलेटकडे वळला. "एक समजलं नाही. या माणसाला बेसबॉल ठाऊक नाही, हे ठीक. पण हे पान तुम्ही वाचलंत ना? तुम्ही तर अमेरिकन. हे दगड आहेत हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

हॅलेट समुद्राकडे पाहू लागले. नॉर्थचा फोरमन लांबून चहाची किटली घेऊन येत होता, पण तो पोचायला अजून वेळ होता.

"मी कॅनडाचा आहे," हॅलेट हळूच म्हणाले. "लहानपणापासून बर्फावरची हॉकी खेळलो. इथे पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मला अमेरिकन धरलं. लीगमध्ये आमच्या क्लायंटची मोठी माणसं आहेत. त्यांनी लेख मागितला, मला नाही म्हणता आलं नाही." मग विल्यमकडे न बघता ते म्हणाले, "हा माणूस कशालाच नाही म्हणत नाही, म्हणून मी चिठ्ठी त्याच्या टेबलावर चिकटवली."

मन्सूरने हेल्मेट काढून डोकं खाजवलं.

"विल्यम," हॅलेट पुढे म्हणाले, "त्या सीनिअरच्या जागेचं आपण उद्या बोलू. ही कॅनडाची गोष्ट मात्र इथेच राहिलेली बरी."

डेलने एकदा हॅलेटकडे, एकदा विल्यमकडे आणि एकदा फुटलेल्या शोल्डरकडे पाहिलं. त्याच्या पोटातून हसू उसळलं. एवढा मोठा देह गदगदा हलू लागला, आणि हसता हसता मध्येच त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. डावा हात उजव्या खांद्याकडे गेला.

लुसी दोन पावलं पुढे आली. तिने त्याचं कोपर खालून अलगद उचलून धरलं.

"हसायचं नाही, मिस्टर डेल," ती म्हणाली. "अजून तीन आठवडे."