समीक्षिकेचं माहेरचं नाव

"या वेळी सरांचं लाल पेन उपाशी मरणार!" धाकटीनं घरात जाहीर केलं.

साहित्याच्या सरांचा खाक्याच तसा होता. निबंधात कुणी मत मांडलं, की समासात लाल शाईत सवाल: "कोण म्हणतं?" लेखक सांगा, पुस्तक सांगा, पान सांगा! मागच्या खेपेला धाकटीनं लिहिलं होतं, की कथेतली सून रागानं घर सोडत नाही, "जेवलीस का?" असं तिला कुणी विचारत नाही, म्हणून सोडते. मत तिचं स्वतःचं, कथा वाचून रडल्यावर सुचलेलं. शेजारी "कोण म्हणतं?" आणि मार्क असे भादरलेले, की न्हाव्यानंही हळहळावं!

मग या खेपेला तिनं तेच मत लिहिलं आणि खाली दिला संदर्भ ठोकून. नाव आईचं, माहेरचं. पुस्तक मनातलं. पान एकशे बारा. आई दाताच्या डॉक्टरांकडे पेशंटचे नंबर लावायची. समीक्षेशी तिचा संबंध दाढदुखीपुरताही नव्हता.

सर बेहद्द खूश! भर वर्गात म्हणाले, "शाब्बास! या बाईंना आता वाचतं कोण? मी वाचलंय पूर्वी. चांगलं पुस्तक, पण उत्तरार्ध जरा ढिला पडलाय."

पुढच्या निबंधात अर्ध्या वर्गानं आईचे दाखले दिले! एकानं तर परस्पर दुसरी आवृत्ती काढली. ग्रंथपालबाईंनी कपाटं उपसली आणि "तूच हरवलंस ते पुस्तक!" म्हणून धाकटीला धारेवर धरलं.

त्यात सरांनी जाहीर केलं, "शनिवारच्या चर्चासत्रात मी या बाईंचं मत खोडून काढणार. चांगली चार पानं लिहिलीत!"

आता मात्र धाकटी घाबरली. बाहेरून जाडेजाडे विद्वान येणार. कुणी पुस्तक मागितलं तर सरांची शोभा! आणि सर तरी कोण? तर स्वतःच्या कपाटातली पुस्तकं तिला पिशव्या भरभरून देणारे. शेवटी तिनं आईला सगळं सांगितलं.

"चल, आत्ताच्या आत्ता," आई म्हणाली.

सरांच्या खोलीत आईनं आपलं माहेरचं नाव सांगितलं मात्र, सर ताडकन उठले. स्वतःची खुर्ची पुढे केली.

"अहो, आपण! बसा, बसा! उत्तरार्धाबद्दल मी जे बोललो, त्याचा राग नसावा—"

"सर, पुस्तकच नाहीये!" धाकटी रडत ओरडली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

सरांचा चेहरा ओल्या खडूसारखा झाला.

"मग मी वाचलं ते काय?"

सरांनी टेबलावरची आपली चार पानं उलटी ठेवली.

"आणि ते मत? ते कोणाचं?"

"माझं."

"मग तसं लिहायचं ना!"

"तुम्ही विचारता ना सर, कोण म्हणतं म्हणून…"

सरांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, "दुसऱ्याचं असेल तर त्याचं नाव. आपलं असेल तर 'मला वाटतं'. हे दुसरं शिकवायचं माझं राहूनच गेलं बघ. निबंधाला शून्य! पुन्हा लिही. आणि शनिवारी तुझं नाव घेऊन खोडतो. चालेल?"

धाकटीनं डोळे पुसत मान डोलावली.

परतताना आई आपल्याच विचारात भराभर पुढे चालत होती.

"आई, चिडलीस?"

"नाही गं. माझं नाव असलेली ती चार पानं मागून आणशील? दवाखान्यात दाखवीन म्हणते."

"अगं, त्यात तुला खोडून काढलंय!"

"असू दे! तुझे बाबा तर मला अर्ध्या वाक्यातच खोडतात. या माणसानं चार पानं घेतली!"