सातवीच्या फौजेने जीवाश्म राखला, ती हकिकत

पृथ्वीचे वय साडेचार अब्ज वर्षे आणि शाळेचा तास पस्तीस मिनिटांचा, ऐशा विषम बळावर खालापूर तालुक्यातील एका शाळेत जी मोहीम जाहली, तिची हकिकत जैशी घडली तैशी लिहिली आहे.

भूगोलाचे सरदार बद्रुद्दीन सर यांनी पृथ्वीच्या पुरातन इतिहासाचे शब्द जिंकण्याचा मनसुबा धरिला, आणि अग्निजन्य खडक घेतला, मग थर घेतला, मग महाकल्पास वेढा घालून तोही घेतला. परंतु जीवाश्म हाती येईना. त्या शुक्रवारी बिनीचा शिलेदार पदू याने फळ्यावर लिहिले की, मेलेल्या प्राण्याचा जीवात्मा दगडात सापडतो. सर इतके हसले की चष्मा उतरून पुसावा लागला, आणि फर्माविले, "जीवात्मा दगडात राहत नाय रं पदू, ठसा राहतो!" आणि हसतहसतच बाहेर पडले ते व्हरांड्याच्या ओल्या सिमेंटच्या पायरीवर. पायरीचे मालिक रोहिदास गवंडी जेवावयास गेले होते. झिजल्या टाचेची चप्पल पुरती उमटली.

सरांची कन्या हुदा त्याच शाळेत विज्ञानावर तैनात. शाळेच्या हद्दीत कोणी बाप नाही, कोणी लेक नाही, ऐसा सरांचा हुकूम ती पाचवीत दाखल जाहली तेव्हाचा, आणि ती मॅडम जाहली तरी तो कायम. म्हणोन तीही दुरून इतकेच वदली, "सर, चप्पल धुवून घ्या."

शनिवारी पहाटे सर पैगंबरवासी जाहले.

मग भूगोलाचा तास हुदाकडे आला. ती रोज पायरीवरील तो ठसा ओलांडून वर्गात जाई, आणि जीवाश्मावर मोर्चे लावी, आणि फौज पुन्हा जीवात्मा लिहून तिला शिकस्त देई. समिधाने तर 'जीवाष्टक' लिहिले. ऐशात वर्तमान आले की तपासणीस साहेब येणार, सबब पायरी गुळगुळीत करावी. आणि रोहिदास थापी-घमेल्यानिशी दाखल जाहले. हुदाच्या हातातला खडू थांबला. मग अख्खी सातवी तास सोडून पायरीवर चालून गेली आणि ठशाभोवती कडे करून उभी राहिली.

"सरका रं, खड्डा बुजवू द्या."

"खड्डा नाय तो, जीवाश्म हाय!" पदू गरजला, आणि शब्द प्रथमच शुद्ध निघाला.

"परवाच्या सिमिटात जीवाश्म? लाखो वरसं लागतात त्याला. मी बी शिकलोय सातवी."

"मंग काका, आत्ताच बुजवलात तर व्हनार कसा?" समिधाने सवाल केला.

या माऱ्यापुढे रोहिदासांचा इलाज चालेना. तपासणीस साहेबांना तुम्हीच सांगा, ऐशी अट घालून त्यांनी थापी घमेल्यात टाकिली. येणेप्रमाणे जीवाश्म हा शब्द फत्ते जाहला, पायरी ठशासह कायम राखली गेली, आणि फौजेस उरलेला तास माफ करण्यात आला.

जाताजाता रोहिदासांनी जुना राग काढिला. "पन माज्या पायरीत पाय घातला कुनी? कवाधरनं हुडकतोय."

फौज मॅडमकडे पाहू लागली. तेव्हा हुदाने व्हरांड्यात, शाळेच्या ऐन हद्दीत, सर्वांस ऐकू जाईल ऐसे उत्तर दिले.

"माझ्या अब्बांनी."